पाणी निघून जाते, पण टब पिळायला फिरत नाही : झाकणाचा स्विच बदलावा की बोर्ड?

इंदिरानगर_गॅलरी

नमस्कार. आमच्याकडे वरून झाकण असलेले, साडेसहा किलो क्षमतेचे फुल्ली ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन आहे आणि ते घेऊन सात वर्षे झाली आहेत. या पावसाळ्यात त्यात एक बिघाड सुरू झाला असून, दोन माणसांनी त्यावर दोन अगदी वेगळे उपाय सांगितल्यामुळे येथील जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले.

मशीन पाणी भरते, कपडे घुसळते, खळबळते आणि पाणी सोडते, येथवर सगळे सुरळीत चालते. पाणी पूर्ण निघून गेल्यावर टब पिळण्यासाठी फिरायला लागणार, नेमके त्या वेळी ते थांबते, बीप बीप करत राहते आणि पडद्यावर ‘डीई’ ही अक्षरे येतात. पुस्तिकेत त्याचा अर्थ ‘झाकण उघडे आहे’ एवढाच दिला आहे. झाकण मात्र बंदच असते. ते उघडून जरा जोराने बंद केले, किंवा मागच्या उजव्या कोपऱ्यावर तळहाताने दाबून धरले, तर कधी कधी पिळणे सुरू होते आणि मग शेवटपर्यंत नीट चालते. पावसाची झड लागलेल्या दिवसांत हा त्रास जास्त जाणवतो. मशीन मागच्या गॅलरीत आहे; वर पत्रा आहे, पण ओल येतेच.

पहिल्या मेकॅनिकने मशीन चालू करून पाहिले, अक्षरे वाचली आणि बोर्ड, म्हणजे मशीन चालवणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट, गेल्याचे सांगून साडेपाच हजारांचा अंदाज दिला. त्याने वरचा भाग उघडला नाही, की मीटरही लावला नाही. दुसऱ्या, ओळखीच्या इलेक्ट्रिशियनचे म्हणणे असे, की झाकणाच्या स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकू, म्हणजे प्रश्न कायमचा मिटेल. आमच्या घरी सासूबाईंना मशीन चालू असताना झाकण उघडून राहिलेला रुमाल किंवा मोजा आत टाकायची सवय आहे, आणि सहा वर्षांचा मुलगा तेथेच घुटमळत असतो. त्यामुळे हा दुसरा उपाय मनाला पटत नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते, घरी साधा डिजिटल मल्टिमीटर आहे आणि तो वापरता येतो. बिघाड स्विचमध्येच आहे की बोर्डात, हे पैसे खर्च करण्याआधी घरच्या घरी खात्रीने कसे ठरवता येईल? आणि स्विच असेल, तर तो स्वतः बदलणे कितपत योग्य आहे?

सातपूर_दुरुस्ती

ताई, तुम्ही लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की अर्धे निदान त्यातच झाले. मी नाशिकच्या सातपूर आणि सिडको भागात वॉशिंग मशीन दुरुस्तीचे काम करतो. ‘मशीन पिळत नाही’ अशी तक्रार आली की मी सर्वांत आधी एकच गोष्ट पाहतो, ती म्हणजे मशीन नेमके कोठे येऊन थांबते.

पाणीच निघाले नसेल, तर झाकणाच्या स्विचकडे वळण्याचे कारण नाही. आपल्याकडच्या बऱ्याच मशीनमध्ये पाणी पंपाने नव्हे तर उताराने जाते, आणि तळाशी बसवलेली एक छोटी ड्रेन मोटर दोन कामे एकदम करते : ती निचऱ्याचा व्हॉल्व्ह ओढून उघडते आणि त्याच ओढीने क्लचचा (मोटरची गती टबाला जोडणाऱ्या भागाचा) दांडा सरकवून टबाचा ब्रेक सोडवते. ती मोटर गेली की पाणीही तुंबते आणि पिळणेही होत नाही. शिवाय टब रिकामा झाल्याचे पाण्याच्या पातळीचा सेन्सर सांगत नाही, तोवर बोर्ड पिळण्याचा हुकूमच देत नाही. तुमच्याकडे पाणी पूर्ण जाते, त्यामुळे हा सगळा भाग बाजूला ठेवता येतो.

टब फिरायला लागला, धडधडला, थांबला, मशीनने पुन्हा पाणी घेऊन कपडे सारखे करायचा प्रयत्न केला, असे होत असेल तर ते असमतोलाचे लक्षण असते. त्यासाठी बऱ्याच मशीनवर ‘यूई’ अशी वेगळी अक्षरे येतात. तुमचा टब हलण्याआधीच मशीन थांबते आहे. म्हणजे बोर्ड ‘झाकण बंद आहे’ या खुणेची वाट पाहतो आहे आणि ती खूण त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. बोर्डावर मला शेवटी संशय येईल, कारण कोपरा दाबल्यावर मशीन चालते. बोर्डच बिघडला असता, तर झाकणाच्या कोपऱ्याने त्याला काय फरक पडला असता?

आता त्या स्विचची रचना सांगतो, म्हणजे मोजताना काय पाहायचे ते कळेल. वरच्या पॅनेलखाली, बहुधा मागच्या उजव्या बाजूला, काडेपेटीपेक्षा थोडे मोठे प्लॅस्टिकचे घर असते. झाकणाच्या बिजागरीला एक छोटी जीभ असते. झाकण बंद झाले की ती या घरातला खटका दाबते आणि आतल्या दोन पत्र्या एकमेकींना टेकतात. पुष्कळ मशीनमध्ये याच घरातून एक लांब दांडी खाली टबाच्या कडेपर्यंत लोंबत असते. पिळताना टब फार हेलकावला तर तो त्या दांडीला धडकतो, पत्र्या विलग होतात आणि मशीन थांबते. म्हणजे झाकण आणि असमतोल या दोन्हींवर एकच स्विच राखण करतो. म्हणून ही दांडी वाकली किंवा अडकून राहिली, तरी मशीनला झाकण उघडेच वाटू शकते.

पावसाळ्यात त्रास वाढतो, यालाही कारण आहे. जुन्या, टायमरवर चालणाऱ्या मशीनमध्ये मोटरचा पूर्ण २३० व्होल्टचा प्रवाह याच स्विचमधून जायचा, त्यामुळे पत्र्यांवरचा बारीक थर ठिणगीनेच जळून जात असे. आताच्या बहुतेक मशीनमध्ये येथून फक्त बोर्डाची पाच व्होल्टच्या आसपासची खूण जाते आणि प्रवाह अगदी नगण्य असतो. एवढ्या कमी दाबाला पत्र्यांवरचा गंज भेदता येत नाही. साबणाची वाफ, ओल आणि बोअरचे जड पाणी असेल तर क्षार, या तिन्हींचा थर बसत जातो आणि स्विच वरून धडधाकट दिसत असूनही खूण अडते.

तपासणीची पद्धत अशी. नुसते पॅनेलवरचे बटण बंद करून चालणार नाही. प्लग सॉकेटमधून बाहेर काढून तो डोळ्यांसमोर राहील असा ठेवा. नळ बंद करा. मशीन इन्व्हर्टर मोटरचे असेल तर दहा मिनिटे थांबा, कारण त्याच्या बोर्डावरच्या कॅपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठलेले असतात आणि ते उतरायला वेळ लागतो. नंतर मागच्या बाजूचे, प्लॅस्टिकच्या टोप्यांखाली दडलेले स्क्रू काढून वरचे पॅनेल हळूच उचला. ते पूर्ण सुटून येत नाही. पाण्याची नळी आणि वायरींचा जुडगा त्याला जोडलेला असतो, म्हणून कोणाला तरी धरायला सांगा किंवा भिंतीला टेकवून ठेवा. काहीही सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

स्विचचा कनेक्टर त्याची खुंटी दाबून सोडवा. वायर धरून ओढू नका. मीटर ओहमवर लावून आधी त्याच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून पाहा, जे ०.२ किंवा ०.३ दिसेल तो मीटरच्या वायरींचा रोध आहे, तो वजा धरायचा. मग पिना स्विचच्या दोन टोकांना लावून झाकण बंद करा. चांगला स्विच एक ओहमच्या आत दाखवतो आणि आकडा स्थिर राहतो. झाकण उघडले की मीटरवर ‘ओएल’ म्हणजे मार्ग तुटल्याची खूण यायला हवी. काही मशीनमध्ये ही चाल उलटी असते, झाकण उघडल्यावर मार्ग जोडला जातो. म्हणून दोन्ही स्थितींत फरक स्पष्ट पडतो का, ते पाहणे जास्त महत्त्वाचे. नुसत्या बीपवर विसंबू नका. बरेच मीटर तीस-चाळीस ओहमपर्यंतही बीप देतात आणि खराब स्विच त्यातून सुटून जातो.

यानंतरची चाचणी लोक हमखास विसरतात. झाकण बाजूला ठेवून तोच खटका बोटाने पूर्ण दाबा. बोटाने दाबल्यावर आकडा स्थिर एक ओहमच्या आत येत असेल आणि झाकणाने मात्र येत नसेल, तर स्विच चांगला आहे. बिजागरीची जीभ झिजली आहे किंवा झाकण दबून वाकले आहे. बोटाने दाबूनही आकडा नाचत असेल, तर स्विच गेला.

शेवटी कनेक्टर पुन्हा लावून, बोर्डाच्या बाजूचा कनेक्टर सोडवून त्या टोकाकडून तेच मोजा. तेथेही आकडा चांगला आला, झाकणासोबत बदलला आणि तरीही मशीन ‘डीई’च दाखवत असेल, तरच बोर्डाची चर्चा करायची.

निफाडकर

या निमित्ताने एक विचारतो. आमच्या शेतावरच्या घरी दोन टबांचे सेमी ऑटोमॅटिक मशीन आहे. द्राक्षबागेत फवारणी केल्यावरचे कपडे घरातल्या मशीनमध्ये नकोत म्हणून ते वेगळे ठेवले आहे. त्याची धुण्याची बाजू चालते, पण ड्रायरचा टायमर फिरवला तर टिकटिक होते आणि टब फिरत नाही. त्याला पडदा नाही, अक्षरे नाहीत. तेथेही हाच स्विच असतो का?

सातपूर_दुरुस्ती

निफाडकर, असतो, पण त्याचे काम जास्त उघड असते. ड्रायरचा टायमर, झाकणाचा स्विच आणि पिळण्याची मोटर एकाच माळेत जोडलेली असतात, त्यामुळे स्विचमधून मोटरचा पूर्ण प्रवाह जातो आणि पत्र्या गंजण्यापेक्षा जळून काळ्या पडतात. त्याच झाकणाला बऱ्याचदा ब्रेकची तारही जोडलेली असते : झाकण उचलले की तार सैल पडते आणि ब्रेकची पट्टी टबाला आवळते. ही तार ताणून लांबली किंवा तुटली, तर झाकण बंद असूनही ब्रेक सुटत नाही आणि मोटर नुसती घूं करत राहते.

म्हणून आधी कान द्या. घूं असा आवाज येत असेल, तर मोटरला वीज मिळते आहे. अशा वेळी टायमर लगेच शून्यावर आणा, कारण अडकलेली मोटर तशीच चालू राहिली तर जळते. मग ब्रेकची तार आणि मोटरचा कॅपॅसिटर पाहायचा. अजिबात आवाज नसेल, तर स्विच किंवा टायमर. या मशीनचा मागचा पत्रा काढताना कॅपॅसिटरला हात लागण्याचा संभव असतो आणि प्लग काढल्यावरही त्यात विजेचा भार राहू शकतो, एवढे ध्यानात ठेवा. तुमच्या मशीनसाठी वेगळा धागा सुरू केलात तर बरे होईल, म्हणजे येथील प्रश्न मागे पडणार नाही.

तंत्रनिदेशक_निवृत्त

वायरी जोडून टाकण्याच्या सल्ल्याविषयी मला स्पष्टपणे लिहावेसे वाटते, कारण हा सल्ला आपल्या शहरात सर्रास दिला जातो आणि घेतलाही जातो.

हा स्विच मशीनला त्रास देण्यासाठी बसवलेला नाही. टबाचा व्यास ४२ सेंटिमीटर धरला आणि पिळताना तो मिनिटाला ७०० फेरे घेतो असे मानले, तर त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे ५५ किलोमीटर होतो. त्या वेगाने फिरणाऱ्या ओल्या कपड्यांत ओढणीचे किंवा साडीचे टोक सैल असेल, तर आत गेलेल्या हाताला ते क्षणात वेढते आणि हात काढून घ्यायला माणसाला सवडच मिळत नाही. झाकण उघडताच स्विच खूण तोडतो, बोर्ड मोटरचा पुरवठा बंद करतो, ड्रेन मोटर ढिली पडते आणि तिच्यासोबत क्लचवरचा ब्रेक आवळला जातो; टब काही सेकंदांत थांबतो, तो या साखळीमुळे. वायरी जोडल्या की साखळीची पहिलीच कडी निखळते. बोर्डाच्या लेखी झाकण कायमचे बंद होते, आणि ज्या मशीनमध्ये असमतोलाची दांडी याच स्विचला आहे, तेथे धडधडणारा टबही थांबत नाही. तो बाहेरच्या पत्र्यावर आदळत राहतो.

ज्या घरात चालू मशीनचे झाकण उघडण्याची सवय आहे आणि लहान मूल आहे, त्या घरात तर हा विचारही करू नये. घरगुती विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेसाठी आयएस ३०२ ही भारतीय मानकमाला आहे आणि तिच्यात वॉशिंग मशीनसाठी स्वतंत्र भाग आहे. काही शे रुपयांचा सुटा भाग वाचवण्यासाठी त्या संरक्षणावर पाणी सोडणे मला गैर वाटते.

काही कारागीर ‘फक्त तपासण्यापुरती’ जोडणी करतात. मीटर हाताशी असताना तिचीही गरज नाही. तपासण्यापुरती केलेली जोडणी मशीन चालू झाल्याच्या समाधानात तशीच राहून जाते, हे मी विद्यार्थ्यांच्या बाबतीत वारंवार पाहिले आहे.

आणखी एक सूचना. आपली गॅलरी ओली असते, तेव्हा मशीनच्या सॉकेटचे अर्थिंग आणि घराच्या मुख्य पॅनेलवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे का, हे या निमित्ताने तपासून घ्यावे. आरसीसीबीवरील ‘टेस्ट’ बटण दाबल्यावर तो लगेच पडला पाहिजे.

सातपूर_दुरुस्ती

सरांचे म्हणणे बरोबर आहे. एका मिनिटासाठी, रिकाम्या टबावर, जोडणी करून पाहणारे कारागीर आहेत आणि ती जोडणी काढून टाकण्याइतके ते सावधही असतात. पण घरी करणाऱ्याला हा मार्ग मी सुचवणार नाही. मीटरने तेच उत्तर जास्त खात्रीने मिळते.

इंदिरानगर_गॅलरी

दोघांनाही मनापासून धन्यवाद. रविवारी सकाळी यजमानांच्या मदतीने वरचे पॅनेल उघडले. प्लग आधीच काढून ठेवला होता. स्विच सांगितलेल्या जागीच सापडला आणि त्याला दोनच वायरी आहेत.

मीटरच्या पिना एकमेकींना टेकवल्यावर ०.३ आले. झाकण बंद केल्यावर स्विचवर एकदा ०.९ आले, झाकण पुन्हा उघडून बंद केल्यावर ६४, त्यानंतर १८०, आणि एकदा ‘ओएल’. मग झाकण बाजूला ठेवून खटका बोटाने पूर्ण दाबला, तरी आकडा स्थिर राहिला नाही. बोट किंचित हलले की तो चाळीसच्या वर जाई. उघड्या स्थितीत नेहमीच ‘ओएल’ येते. खटक्याच्या फटीत पांढरट, खरखरीत थर आहे आणि कनेक्टरच्या एका पिनेवर हिरवट डाग दिसतो. खाली लोंबणारी दांडी मोकळी हलते, वाकलेली नाही. बिजागरीची जीभही मला नीट दिसते, फक्त तिच्या टोकावर एक बारीक चकचकीत खाच पडली आहे.

यावरून स्विचच गेला असे समजू का? आणि हिरव्या डागाचे काय करावे?

सातपूर_दुरुस्ती

यात आता शंका उरली नाही. बोटाने दाबूनही आकडा नाचतो, म्हणजे पत्र्या खराब झाल्या आहेत. बोर्ड बदलला असता, तरी नव्या बोर्डाला याच स्विचकडून खूण मिळाली असती आणि तो पहिल्या पावसात पुन्हा ‘डीई’ दाखवत उभा राहिला असता.

काँटॅक्ट क्लीनरचा (विजेचे जोड साफ करणाऱ्या द्रवाचा) फवारा मारून हा स्विच काही दिवस चालेल, पण घर बंद असल्यामुळे पत्र्यांपर्यंत फवारा पुरता पोहोचत नाही. तो पिनेच्या हिरव्या डागासाठी वापरा : फवारा मारून जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासा, पूर्ण वाळू द्या, आणि मग कनेक्टर दोन-तीनदा लावून काढा. डागाखालची पिन खाल्ली गेली असेल, तर तेवढा कनेक्टर बदलून घ्यावा लागेल. पेट्रोल किंवा रॉकेल अजिबात वापरू नका. प्लॅस्टिक फुगते, आणि पेट घेण्याचा धोका वेगळाच.

नवा स्विच घेताना नुसते कंपनीचे नाव सांगून उपयोग नसतो. मशीनच्या मागच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्या आणि जुना स्विच हातात घेऊन दुकानात जा. महात्मा गांधी रस्ता आणि शालिमारच्या परिसरात सुट्या भागांची चौकशी करता येईल, किंवा कंपनीच्या सेवा केंद्रातून मागवता येईल. काउंटरवरच चार गोष्टी जुळवून पाहा : वायरींची संख्या, कनेक्टरचा आकार, खाली लोंबणाऱ्या दांडीची लांबी आणि स्क्रूच्या छिद्रांमधले अंतर. दांडी आखूड असेल तर झाकणाचे काम होईल, पण असमतोलाचे होणार नाही, आणि ही चूक मशीन बराच काळ लपवून ठेवते. तेथेच मीटर लावून खटका दाबल्यावर मार्ग जुळतो आणि सोडल्यावर तुटतो का, हेही बघून घ्या. दुकानदार दुखावत नाही, चांगला दुकानदार स्वतःच तपासून देतो. किंमत मॉडेलप्रमाणे दोनशेपासून पाचशे-सहाशेच्या घरात असते.

कोणी ‘सगळ्यांना चालणारा’ छोटा मायक्रोस्विच देऊ लागला, तर तुमच्या मशीनसाठी तो घेऊ नका. तो नुसत्या झाकणाचे काम करतो. दांडीचे कोण करणार?

बसवण्याचे काम अवघड नाही. जुन्या स्विचचे दोन स्क्रू काढा, दांडी कशातून ओवलेली आहे ते फोटोत पाहून त्याच मार्गाने ती बाहेर घ्या आणि नवा स्विच तसाच आत सोडा. स्क्रू प्लॅस्टिकमध्ये जातात, म्हणून ते शेवटी हाताच्या जोराने नव्हे तर बोटांच्या जोराने आवळा. आटे गेले तर स्विच हलत राहतो आणि तुम्ही पुन्हा मूळ तक्रारीवर येता. वायरी टबाला किंवा दांडीला घासणार नाहीत अशा बांधा. पॅनेल बंद करण्यापूर्वी झाकण हळूहळू खाली आणा आणि खटक्याचा ‘टक’ आवाज झाकण पूर्ण टेकण्याच्या थोडा आधी येतो का, ते ऐका. अगदी शेवटी, दाबल्यावरच येत असेल, तर जिभेच्या टोकावरची ती खाच त्याला कारण आहे; मग बिजागरीचा भागही बदलावा लागेल.

गंगापूर_रोड

ज्यांच्याकडे थोडी नवी मशीन आहेत त्यांच्यासाठी एक भर घालतो. आमच्या मशीनमध्ये खटका नाहीच. झाकणाच्या कडेत छोटे चुंबक आहे आणि पॅनेलखाली रीड स्विच. चुंबक जवळ आले की काचेच्या नळीतल्या दोन पात्या टेकतात. तेथे ‘टक’ ऐकू येत नाही आणि पॅनेलही उघडावे लागत नाही. झाकणाच्या कडेपाशी दुसरे चुंबक नेल्यावर झाकण बंद असल्याचे मशीन ओळखते का, एवढे पाहिले तरी दिशा कळते. आमच्याकडे चुंबकच त्याच्या खोबणीतून निसटले होते आणि स्विच चांगला होता. तीन वायरींचा हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा इलेक्ट्रॉनिक भाग) असेल, तर त्याला चालू पुरवठा लागतो. तो ओहमवर मोजून काही कळत नाही, ते काम कारागिराकडेच द्यावे.

ज्यांच्या मशीनचे झाकण पिळताना आपोआप कुलूपबंद होते, किंवा ज्यांची मशीन पुढून दार असलेली आहेत, त्यांची रचना अगदीच वेगळी असते. त्यांनी या धाग्यावरचे आकडे स्वतःच्या मशीनला लावू नयेत.

इंदिरानगर_गॅलरी

नवा स्विच मिळाला आणि बसवूनही झाला. दुकानात जुन्याशेजारी ठेवून दांडीची लांबी पाहिली. पहिला दिलेला तुकडा बोटभर आखूड होता, तो परत करून दुसरा घेतला. घरी मीटरवर झाकण बंद असताना सलग ०.४ येते आणि झाकणाचा कोपरा हलवला तरी बदलत नाही. बोर्डाच्या बाजूच्या कनेक्टरवरही तेवढेच येते. ‘टक’ आवाज झाकण टेकण्याआधी स्पष्ट ऐकू येतो, म्हणून बिजागरी तूर्त तशीच ठेवली आहे.

आधी रिकामा टब पिळून पाहिला, नंतर ओल्या चादरी घालून. दोन्ही वेळा कोपरा न दाबता मशीन शेवटपर्यंत चालले. आरसीसीबीचे बटणही दाबून पाहिले, तो लगेच पडतो.

एकच विचारायचे राहिले. स्विच आपले संरक्षणाचे काम करतो आहे, याची चाचणी कशी घ्यावी? आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा असे होऊ नये म्हणून काही करता येईल का?

तंत्रनिदेशक_निवृत्त

रिकाम्या टबावर फक्त पिळण्याचा क्रम लावावा, टब पूर्ण वेगात आल्यावर झाकण उचलावे आणि हात बाजूला ठेवून पाहावे. मोटरचा आवाज त्याच क्षणी बंद झाला पाहिजे आणि टब काही सेकंदांत जागच्या जागी थांबला पाहिजे. मोटर बंद होऊनही टब बराच वेळ नुसता फिरत राहिला, तर स्विच ठीक असून क्लचवरचा ब्रेक झिजलेला आहे. तो कारागिराकडून पाहून घ्यावा. ही चाचणी वर्षातून एखाद्या वेळी घ्यायला हरकत नाही.

सासूबाईंना मात्र कृपया सांगावे, की राहिलेला कपडा टाकायचा असेल तर आधी थांबण्याचे बटण दाबावे, टब थांबू द्यावा आणि मगच झाकण उघडावे. स्विच हे शेवटचे संरक्षण आहे, रोजच्या वापराचे बटण नव्हे.

सातपूर_दुरुस्ती

पावसाळ्यासाठी एवढेच करा. धुणे झाल्यावर झाकण तासभर उघडे ठेवा, म्हणजे वाफ पॅनेलखाली कोंडत नाही. मूल जवळपास नसेल तेव्हाच हे करा आणि प्लगचे बटण बंद ठेवा. प्लॅस्टिकचे जाड कव्हर ओल्या मशीनवर लगेच चढवू नका. साबणाची पूड झाकणाच्या मागच्या कडेला सांडली तर ओल्या फडक्याने पुसून घ्या. खटक्याच्या फटीत गेलेली पूड ओल धरते आणि तेथेच तो पांढरा थर तयार होतो. धुवायच्या कपड्यांचा ढीग किंवा बादली झाकणावर ठेवायची सवय असेल, तर ती मोडा. त्या वजनानेच झाकण दबून वाकते आणि बिजागरीची जीभ झिजते.

पहिल्या मेकॅनिकने तपासणीचे पैसे घेतले असतील, तर त्याच्याकडून लेखी पावती मागून घ्या. न तपासता बोर्ड सांगितल्याबद्दल तक्रार करावीशी वाटली, तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि सुट्या भागांच्या माहितीसाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ हे पोर्टल सुरू केले आहे. जुना स्विच तूर्त टाकून देऊ नका. बिजागरी बदलायची वेळ आली, तर दुकानात माप दाखवायला तो उपयोगी पडेल.

इंदिरानगर_गॅलरी

टब पूर्ण वेगात असताना झाकण उचलून पाहिले. मोटर लगेच बंद झाली आणि पाच मोजायच्या आत टब थांबला. सासूबाईंनीही शेजारी उभे राहून पाहिले, आणि थांबण्याचे बटण कोठे आहे ते त्यांना दाखवले आहे. जुना स्विच पिशवीत घालून पुस्तिकेसोबत ठेवला आहे. सर्वांचे आभार.